अजबखाना

आमच्या लहानपणी कोणी मुंबईस जाऊन परत आला की गावातील वडीलधारी मंडळी त्यास पहिला प्रश्न हाच करीत, "अजबखाना पाहिलास का रे?" पदार्थसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय हे शब्द आम्ही पुढे शाळेत शिकलो, आणि आज विद्यार्थ्यांस निबंधात तेच लिहावयास सांगतो. परंतु त्या जुन्या शब्दात जी प्रांजळता आहे ती या नव्या शब्दांत नाही. अजब म्हणजे जे आपल्याकडचे नव्हे ते. आपल्या घरच्या वस्तूस कोणी अजब म्हणत नाही. जाते, मुसळ, कुंची, देव्हाऱ्यातले टाक यांचे नवल वाटण्यासाठी पाहणारा मनुष्य दुरून आलेला असावा लागतो. ही साधी गोष्ट ध्यानी येण्यास आम्हांस वयाची चाळिशी उलटावी लागली व सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

२०२५ च्या मे महिन्यात, शाळेस सुट्टी असताना, शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गाच्या निमित्ताने इंग्लंडास जाण्याचा योग आम्हांस आला. त्यात एक दिवस मोकळा मिळाला, तो आम्ही ऑक्सफर्ड येथील पिट रिव्हर्स संग्रहालयास दिला. तेथे जावयाचे म्हणजे प्रथम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रादी विषयांच्या मोठ्या संग्रहालयातून जावे लागते. काचेचे उंच छत, भरपूर उजेड, प्रचंड प्राण्यांचे सांगाडे, नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचे अवशेष. आणि याच इमारतीत १८६० साली बिशप विल्बरफोर्स व हक्स्ले यांचा उत्क्रांतीवरील तो गाजलेला वाद झाला. (त्या वादात आमच्या बाजूचे बिशप जिंकले असे म्हणावयास आमची जीभ वळत नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.) या उजेडातून मागील भिंतीच्या दाराने आत शिरले की एकदम अंधारे दालन लागते. सभोवार मजल्यावर मजले, आणि मध्ये कपाटास कपाट लागून, माणसास अंग चोरून चालावे लागेल इतकी दाटी. कपाटांखाली खण आहेत, ते आपल्या हाताने उघडून पाहण्याची मुभा आहे. पुष्कळ वस्तूंस बारीक हस्ताक्षरातील चिठ्ठ्या दोऱ्याने बांधलेल्या आहेत. वाण्याच्या दुकानाची, जुन्या वाड्यातील माळ्याची आणि ग्रंथालयाची, अशा तिन्ही ठिकाणांची आठवण एकाच वेळी व्हावी, असे ते स्थान आहे.

जनरल पिट रिव्हर्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आपला वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह १८८४ साली विद्यापीठास दिला, त्यातून हे संग्रहालय निघाले. आज छायाचित्रे व हस्तलिखिते धरून तेथील संख्या पाच लाखांवर गेली आहे. जनरलसाहेबांनी तरुणपणी बंदुकांचा अभ्यास केला होता. बंदुकीत थोडथोडी सुधारणा होत होत नवी बंदूक कशी बनते हे त्यांनी पाहिले, आणि मनुष्याच्या सर्व कृतींचा इतिहास असाच साध्याकडून गुंतागुंतीकडे चढत गेला असावा, असा सिद्धांत त्यांनी बांधला. म्हणून तेथील मांडणी देशवार नाही, प्रकारवार आहे. जगातील सगळी कुलुपे एका ठिकाणी, सगळ्या होड्या एका ठिकाणी, सगळी वाद्ये एका ठिकाणी. मूळ हेतू असा की साध्या गदेपासून पुढच्या हत्यारापर्यंतची शिडी पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहावी. त्या शिडीच्या खालच्या पायरीवर ऑस्ट्रेलियातील मूळचे लोक बसविले होते व वरच्या पायरीवर कोण, हे सांगावयास नको. हा सिद्धांत पुढे विद्वानांनीच टाकून दिला, परंतु मांडणी राहिली.

आणि या मांडणीने जनरलसाहेबांच्या मनात नसलेले एक चांगले काम केले आहे. ताईत, गंडे, दृष्ट काढण्याच्या वस्तू यांच्या कपाटांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तेथे आफ्रिकेचे ताईत आहेत, हिंदुस्थानचे आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीस इंग्लंडचेही आहेत. सासेक्स प्रांतातील होव्ह गावची एक लहानशी चांदीसारखी चकाकणारी काचेची बाटली येथील फार प्रसिद्ध वस्तू आहे. तिच्यात चेटकीण कोंडलेली आहे आणि तिला सोडाल तर अनर्थ ओढवेल, असे ती देणाऱ्या म्हातारीने बजाविले होते म्हणे. ही बाटली १९२६ साली संग्रहालयात आली. त्या वर्षापर्यंत इंग्लंडात आगगाडी धावू लागून शंभर वर्षे होऊन गेली होती. संग्रहालयाने ती अजून उघडलेली नाही, हे ऐकून आम्हांस त्या संस्थेविषयी थोडी आपुलकी वाटली. देशवार मांडणी असती तर होव्हची म्हातारी व आमच्या खेड्यातील म्हातारी या दोघी कधी शेजारी बसत्या ना!

आता एक कबुली दिली पाहिजे. या संग्रहालयात शत्रूची मुंडकी सुकवून मुठीएवढी लहान केलेली आहेत, ती चुकवू नका, असे आमच्या एका स्नेह्यांनी निघण्यापूर्वी सांगितले होते, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही प्रथम तीच शोधीत होतो. दोन फेऱ्या घातल्या, सापडली नाहीत. शेवटी तेथील एका वृद्ध सेवकास विचारले. त्यांनी सौजन्याने एक जागा दाखविली. तेथे मुंडकी नव्हती. ती का नाहीत याचा खुलासा होता. दक्षिण अमेरिकेतील श्वार व अचुआर लोकांची ती लहान केलेली मुंडकी व त्यांसह सुमारे एकशेवीस मानवी अवशेष संग्रहालयाने २०२० साली प्रदर्शनातून काढून घेतले. ती पाहून लोकांच्या मनात त्या जमातींविषयी समजूत वाढत नव्हती, उलट ते रानटी होते हाच ग्रह पक्का होत होता, असे संग्रहालयाच्या चालकांस आढळून आले. आमच्यासारखे मुंडकी शोधीत फिरणारे लोक पाहूनच त्यांस ते आढळले असणार. आम्ही त्या सेवकांचे आभार मानले आणि मान खाली घालून पुढे गेलो.

दालनाच्या एका टोकास हैदा लोकांचा देवदारी स्तंभ आहे. उंची अकरा मीटरांहून अधिक, म्हणजे छत्तीस फुटांवर. त्यावर पशूंची व माणसांची तोंडे एकावर एक कोरलेली आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील हैदा ग्वाई या बेटांतील मॅसेट गावी एका घरापुढे तो उभा होता. त्या घराच्या प्रमुखाने एक मुलगी दत्तक घेतली, त्या समारंभाचा तो स्तंभ. १९०१ साली तो ऑक्सफर्डास आला. ज्या स्तंभाने गावास सांगावयाचे की ही मुलगी आता या घरची झाली, तो स्तंभ आता अशा लोकांपुढे उभा आहे की ज्यांस ना ते घर ठाऊक ना ती मुलगी.

हा स्तंभ त्या लोकांनी जाऊ कसा दिला? येथे आम्हां ख्रिस्ती लोकांस अवघड वाटणारी हकीकत सुरू होते. १८६२ सालच्या देवीच्या साथीत त्या किनाऱ्यावरील गावेच्या गावे ओस पडली. हजारोंनी असलेले हैदा लोक विसाव्या शतकाच्या आरंभी हजारांहूनही कमी उरले. १८७६ साली मॅसेट येथे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड कॉलिसन येऊन राहिले. आमच्या नाशिकास शरणपूर वसविणारी संस्था हीच होय. या लोकांत पोटलॅच नावाचा समारंभ असे. त्यात यजमान आपली संपत्ती पाहुण्यांस वाटून टाकी, आणि पाहुणे त्या घराच्या नावाचे, मानाचे व नात्याचे साक्षीदार होत. स्तंभ उभारावयाचा तो या समारंभाने. मिशनरी व सरकारी अधिकारी या दोघांसही ही उधळपट्टी वाटली. त्यांच्या आग्रहाने कॅनडा सरकारने १८८४ साली कायदा करून पोटलॅचवर बंदी घातली, ती १९५१ पर्यंत राहिली. ऑक्सफर्डचे संग्रहालय स्थापन झाले तेही १८८४ सालीच. एका हाताने समारंभ बंद करावा आणि दुसऱ्या हाताने त्या समारंभाच्या वस्तू काचेत ठेवाव्या, या दोन गोष्टी एकाच वर्षी सुरू झाल्या, हा योगायोगच. परंतु अर्थाने भरलेला योगायोग.

आमचे काही बंधू यावर म्हणतील, की मिशनच्या शाळेत शिकून, मिशनच्या अन्नावर वाढून, मिशनच्याच शाळेत शिकविणाऱ्याने मिशनरींच्या चुका मोजाव्या काय? आम्ही म्हणतो, आम्हीच मोजाव्या. ज्याने वाचावयास शिकविले त्याच्याविषयी लिहिलेले वाचून खरे बोलणे ही त्या शिक्षणाची बेअदबी नव्हे. पौल अथेनैस गेला तेव्हा त्याने तेथील पूजेच्या वस्तू नीट निरखून पाहिल्या, एका अनामिक देवाची वेदीही पाहिली, आणि मग तो बोलावयास उभा राहिला. त्या वेदी उचलून त्याने अंत्युखियास धाडल्या असे प्रेषितांच्या पुस्तकात कोठे नाही.

संग्रहालयाच्या बाजूनेही बोलणे आहे, ते टाळणे अन्यायाचे होईल. वस्तू तेथे नेल्या नसत्या तर त्या कुजल्या असत्या, जळाल्या असत्या, असे म्हणतात, आणि ते पुष्कळ वेळा खरेच आहे. त्याच संग्रहात हैदा लोकांची एक थोर कोरीव पेटी आहे. एकाच फळीस वाफ देऊन, तीन ठिकाणी वाकवून तिच्या चारी बाजू करावयाच्या, ही त्यांची पेट्या करण्याची कला. २०१४ च्या सप्टेंबरात ग्वाई व जालेन ईडनशॉ हे दोघे हैदा कारागीर बंधू ऑक्सफर्डास येऊन राहिले. पेटीपुढे बसून, तिच्या रेषेन् रेषेचे माप घेत, त्यांनी तशीच दुसरी पेटी कोरली व ती घरी नेली. पूर्वजांनी छिन्नी कोणत्या बाजूने धरली असेल हे त्यांस त्या पेटीनेच शिकविले. पेटी जतन झाली नसती तर हे घडले नसते. मात्र एक गोष्ट विसरू नये. नक्कल घरी गेली, अस्सल काचेत राहिली. गुरुदक्षिणा कोणी कोणास दिली हे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

आमच्या मनास सर्वांत जास्त लागले ते मात्र नागा लोकांचे प्रकरण. पिट रिव्हर्स येथील नागा वस्तूंचा संग्रह जगात सर्वांत मोठा मानला जातो. शाली, टोपल्या, भाले, कवड्यांचे व मण्यांचे अलंकार. कारागिरी अशी की पाहता पाहता पाय थकावे. यातील पुष्कळ वस्तू नागा टेकड्यांतील दोन इंग्रज अधिकारी, हटन व मिल्स, यांनी धाडल्या. मिल्स यांनी १९२६ साली आओ नागांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अमेरिकन बाप्तिस्त मिशनवर कठोर टीका केली आहे. मिशनने तरुणांची वसतिगृहे मोडली, सण बंद केले, जुना पेहराव सोडावयास लावला, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप बराचसा खरा आहे. परंतु मिशनरींनी जे टाकावयास लावले त्याबद्दल हळहळणारा अधिकारी तेच पेट्या भरभरून विलायतेस पाठवीत होता. नागा मनुष्याच्या घरून वस्तू गेलीच. एकाने तिला पाप म्हटले, दुसऱ्याने तिला नमुना म्हटले.

वस्तूंबरोबर माणसेही गेली. कवट्या व हाडे मिळून नागा लोकांचे कितीतरी मानवी अवशेष तेथे आहेत. २०२० साली ते प्रदर्शनातून निघाले, व ते परत नेण्याविषयीचे बोलणे नागा समाजात सुरू झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डनजीकच एका लिलावात एक नागा कवटी विक्रीस ठेवली गेली. नागालँडात संताप उसळला, तेव्हा ती लिलावातून काढून घेण्यात आली. पुढे आम्ही परत आल्यावर महिन्याभरातच, २०२५ च्या जूनमध्ये, नागा वडीलधाऱ्यांचे व पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ ऑक्सफर्डास गेले. आपल्या पूर्वजांच्या अवशेषांपुढे ते उभे राहिले आणि ते घरी नेण्याचा निश्चय त्यांनी जाहीर केला.

वाचकहो, नागालँडात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेकडा ८८ च्या जवळपास लोक ख्रिस्ती आहेत. तेव्हा जे पूर्वज घरी यावयाचे ते ख्रिस्ती नव्हेत, व जे त्यांस घेण्यास येणार ते ख्रिस्ती. त्यांस कोणत्या विधीने मातीत ठेवावे? पाळकाने प्रार्थना करावी काय? जुन्या रीतीने ठेवावे तर ती रीत जाणणारे किती उरले? ही चर्चा तेथे मोठ्या गांभीर्याने चालली आहे. ती वाचताना आम्हांस आमच्या पणजीची आठवण झाली, आणि खरे पाहता हा लेख लिहावयास घेण्याचे कारण तेच.

आमच्या पणजोबांनी प्रवरेकाठच्या एका गावी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधून त्यांनी मिशनरी साहेबांच्या हाती दिले. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, टाक म्हणजे देवाची आकृती ठसविलेला धातूचा लहानसा पत्रा. साहेबांनी ते नदीत टाकले नाहीत. पुढे ते सुट्टीवर मायदेशी गेले तेव्हा आपल्या पेटीत घालून ते घेऊन गेले, आणि तेथल्या मंडळींस दाखविण्यासाठी ते कोठेशी ठेवले, एवढेच आमच्या घरी ठाऊक आहे. पणजोबांस त्याचा खेद नव्हता. पणजीही मनापासून ख्रिस्ती झाली होती. मरेपर्यंत तिने रविवारची उपासना चुकविली नाही. परंतु त्या फडक्यात खंडोबा-भैरोबाबरोबर एक वीराचा टाक होता. वीर म्हणजे घरातला अकाली वारलेला अविवाहित पुरुष. तो तिच्या थोरल्या दिरांचा टाक होता. आमची आजी सांगे, की पणजी म्हातारपणी एकच वाक्य पुनःपुन्हा बोले: "देव दिले ते बरं केलं, पण भाऊजींना कशाला दिलं? ते काय देव होते?"

ऑक्सफर्डच्या त्या अंधाऱ्या दालनात धातूच्या लहान वस्तूंचा प्रत्येक खण आम्ही उघडून पाहिला. भाऊजी तेथे असण्याचे काहीच कारण नव्हते, हे आम्ही जाणत होतो. तरी हात थांबेना.

शाळा सुरू झाल्यावर ही हकीकत आम्ही नववीच्या वर्गास सांगितली. एका मुलीने विचारले, "सर, साहेबांनी चोरले तर नव्हते ना? पणजोबांनीच दिले." प्रश्न योग्य होता, आणि आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही. पुष्कळ विचारांती आमचे मत झाले आहे ते असे. आपले देव टाकणे हा पणजोबांचा हक्क होता. तो त्यांनी बजावला, व त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु टाकलेली वस्तू उचलून, तिचे नाव-गाव न विचारता, पाहा हे लोक कशास भजतात असे दाखविण्यासाठी तिची मांडणी करणे, हा हक्क कोणी कोणास दिला नव्हता. विचारले असते तर पणजीने एक टाक मागून घेतला असता. एका प्रश्नाने काम झाले असते. स्तंभाच्या बाबतीत, नागांच्या बाबतीत, घेणारा काही वेळा दाम मोजी, काही वेळा बळ दाखवी. परंतु ही वस्तू तुमची कोण, असा प्रश्न सहसा होत नसे. आम्ही वाचलेल्या चिठ्ठ्यांतून घेणाऱ्याचे व देणगी देणाऱ्याचे नाव ठसठशीत आढळले, करणाऱ्याचे क्वचितच.

आता सर्व संग्रहालये रिकामी करावी, असे आम्ही म्हणत नाही. होव्हची बाटली तेथेच असावी. ज्याची वस्तू तो ती ठेवू इच्छीत असेल तर ती ठेवावी, व जगाने पाहावी. परंतु मृतांस मात्र घरचे मागतील तेव्हा घरी पाठवावे. येथे संशोधनाची सबब चालू नये. संग्रहालयाने २०१० साली एका हैदा पूर्वजाच्या अस्थी परत दिल्या. त्यामुळे ऑक्सफर्डचे काही उणे झाले, असे आम्हांस तेथे फिरताना जाणवले नाही.

ऑक्सफर्डास उपदेश करणे सोपे आहे. ते आमचा लेख वाचावयाचे नाहीत. म्हणून आम्ही आपल्या शाळेपुरते एक काम सुरू केले आहे. वाचनालयात एक काचेचे कपाट पडून होते, ते मुख्याध्यापकांच्या परवानगीने मोकळे करून घेतले. मुलांनी घरच्या जुन्या वस्तू आणाव्या, मात्र घरच्यांस विचारून. चिठ्ठीवर पहिले नाव करणाऱ्याचे, ते ठाऊक नसेल तर त्याच्या गावाचे. मग ती वस्तू कोणी वापरली त्याचे. आणि तिच्याविषयी घरची माणसे जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत. वस्तू घरची ती घरचीच. वाटेल त्या दिवशी, अर्जावाचून, परत न्यावी.

आजवर अकरा वस्तू आल्या आहेत. त्यांत आठवीतल्या एका मुलाने आणलेल्या त्याच्या आजोबांच्या चिपळ्या आहेत. आजोबा त्या घेऊन खेडोपाडी ख्रिस्ती कीर्तने करीत. नाताळात त्या त्यांच्या घरी लागतात, म्हणून विसाव्या डिसेंबरपासून तो खण रिकामा असतो. तेथे मुलानेच एक चिठ्ठी लावून ठेवली आहे: "कीर्तनाला गेल्या आहेत."